बारावीनंतर नर्सिंग किंवा रुग्णसेवेला जायचंय? फी भरायच्या आधी हे वाचा

बारावीचा निकाल जवळ आला की ओळखीतल्यांचे फोन सुरू होतात, ताई आमच्या पोरीला नर्सिंगला टाकायचंय, कुठलं कॉलेज चांगलं ते सांगा. मी वॉर्डला काम करते, दरवर्षी नवीन शिकाऊ मुलंमुली येतात त्यांना जवळून बघते, म्हणून दर फोनला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते. महाराष्ट्रापुरतं लिहितेय, बाकी राज्यांत प्रवेशाच्या भानगडी वेगळ्या असतात.

कॉलेजची बिल्डिंग, हॉस्टेल, युनिफॉर्मचा रंग हे सगळं नंतर बघा. पहिला प्रश्न एकच विचारायचा, कोर्स संपल्यावर माझं नाव कुठल्या कौन्सिलच्या रजिस्टरला लागणार? नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पाहिजे आणि ते मान्यता असलेल्या ठिकाणाहून एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) किंवा बीएस्सी नर्सिंग केलं तरच मिळतं. रिक्षांच्या मागे, विजेच्या खांबांवर जाहिराती असतात ना, "६ महिन्यांत नर्सिंग, १००% जॉब गॅरंटी", तिथून जो कागद मिळतो तो फ्रेम करून भिंतीला लावता येतो, रजिस्ट्रेशन होत नाही. अशी मुलं मग छोट्या दवाखान्यात चारपाच वर्षं इंजेक्शनं देत बसतात, काम सगळं नर्सचं आणि पगार मात्र हेल्परचा, आणि काही उलटंसुलटं झालं की डॉक्टर हात वर करतात. मान्यता तोंडी ऐकून घेऊ नका. कॉलेजकडून मान्यतेचं पत्र मागा, त्यावर कोर्सचं नाव, किती सीट आणि कुठल्या वर्षापर्यंत मान्यता आहे हे तिन्ही वाचा आणि घरी आल्यावर कौन्सिलच्या यादीत ते नाव आहे का ते बघा. पत्र दाखवायला कुरकुर केली तर तिथूनच परत फिरायचं.

कुठला कोर्स कोणासाठी

बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं, ८ सेमिस्टर, डिग्री नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी पाहिजे, ओपनला ४५ टक्के, राखीवला थोडी सूट असते. याला सीईटी सेलची (राज्याच्या प्रवेशपरीक्षा घेणारं सरकारी ऑफिस) वेगळी परीक्षा आहे आणि तिचा फॉर्म बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. दरवर्षी कोणीतरी निकाल हातात घेऊन येतं आणि विचारतं आता फॉर्म कुठे भरायचा, तोवर सगळं संपलेलं असतं. त्यामुळे बारावीला असतानाच डिसेंबरपासून सीईटी सेलची साइट आठवड्यातून एकदा उघडून बघायची सवय लावा.

जीएनएम ३ वर्षांचं. सायन्सला प्राधान्य असतं पण आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही चालतं, बारावीला ४० टक्के आणि इंग्रजीतही तेवढेच लागतात. मुलगेही घेतात, वॉर्डला त्यांना ब्रदर म्हणतात, आणि मेल वॉर्ड, ऑर्थो, मानसोपचार, कॅज्युअल्टी इथे ब्रदर असला की सगळ्यांनाच हायसं वाटतं. जीएनएम झाल्यावर पुढे २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं म्हणजे डिग्रीचं दार बंद होत नाही. बारावीला सायन्स नव्हतं म्हणून रडत बसलेल्यांनी हे वाक्य परत वाचा.

एएनएम २ वर्षांचं, मुलींसाठी. याला कमी लेखणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नका. गावातल्या उपकेंद्रातली जी सिस्टर लसीकरण करते, गरोदर बायांची तपासणी करते, आशाताईंना बरोबर घेऊन घरोघर फिरते ती एएनएमच. सपाट भागात ५००० लोकांमागे आणि आदिवासी-डोंगरी भागात ३००० लोकांमागे एक उपकेंद्र असं गणित आहे, आणि जिल्हा परिषदेची आरोग्यसेविकेची भरती याच मुलींमधून होते. पण मोठ्या शहरातल्या आयसीयूत काम करायचं डोक्यात असेल तर एएनएम करू नका, सरळ जीएनएम किंवा बीएस्सी धरा. तिन्हीला वय १७ पूर्ण पाहिजे, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मोजतात.

आता ज्यांना दोनतीन वर्षं शिकणं घरच्या परिस्थितीमुळे शक्य नाही किंवा दहावीच झालीय त्यांच्यासाठी जनरल ड्युटी असिस्टंट म्हणजे जीडीए. हा हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा काही महिन्यांचा कोर्स आहे, घरी जाऊन पेशंट सांभाळायचं असेल तर होम हेल्थ एड नावाचा वेगळा आहे. यात पेशंटला आंघोळ घालणं, जेवू घालणं, कूस बदलणं, व्हीलचेअरवर घेणं, बेडपॅन देणं हे शिकवतात. जीडीए म्हणजे नर्स नाही, इंजेक्शन आणि सलाईन तुमचं काम नाही. घरच्या ड्युटीला नातेवाईक हमखास म्हणतात, "तेवढं एक इंजेक्शन देऊन टाका ना, कोण बघतंय". नाही म्हणायचं. घरच्या ड्युट्या लावून देणाऱ्या ब्युरोमार्फत काम घेणार असाल तर ड्युटी १२ तासांची की २४ तासांची, जेवण कोणाचं, आठवड्याची सुट्टी आहे का आणि ब्युरोचं कमिशन किती हे व्हॉट्सॲपवर का होईना पण लेखी घ्या. २४ तासांच्या ड्युटीत झोपायला जागा आणि सलग काही तास झोप मिळणार का हेही विचारा, लाजू नका.

आणि ज्यांना रक्त बघवत नाही पण माणसांची कामं करायला आवडतात त्यांनी बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची डिग्री बघा. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून आहे, मुंबईत निर्मला निकेतन १९५५ पासून. हॉस्पिटलमधला समाजसेवा विभाग बऱ्याच जणांना माहीतच नसतो. बिल भरायला पैसे नाहीत, पेशंटला न्यायला घरचं कोणी येत नाही, बेवारस म्हणून आणलेल्या माणसाचं गाव शोधायचंय, अशी सगळी कामं तिथे येतात. महात्मा फुले योजनेचा कागद कुठे अडलाय हे बघायचं, धर्मादाय हॉस्पिटलमध्ये १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी असतात त्यात पेशंट बसतो का ते तपासायचं (वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल). याच्यासाठी बहुतेक ठिकाणी पुढे एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) लागतं, म्हणजे वाट लांबची आहे हे धरूनच चाला.

कॉलेज बघायला कसं जायचं

रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला जा आणि कॉलेजमध्ये शिरायच्या आधी त्यांच्या हॉस्पिटलमध्ये शिरा. जीएनएम-बीएस्सीच्या कॉलेजला किमान १०० खाटांचं हॉस्पिटल जोडलेलं पाहिजे आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असं प्रमाण आहे. कागदावर ते सगळीकडे असतं. ओपीडीच्या बाकड्यावर अर्धा तास बसा म्हणजे कळेल, केसपेपरच्या खिडकीला रांग आहे का, वॉर्डात खाटांवर खरंच माणसं आहेत का नुसत्या चादरी घातल्यात, महिन्याला डिलिव्हरी किती होतात हे तिथल्या मावशींना विचारा, ऑफिसपेक्षा त्यांचं उत्तर खरं असतं. कारण नर्सिंग पुस्तकातून येत नाही. वॉर्ड रिकामा असेल तर तीन वर्षं तुम्ही डमी पुतळ्याला स्पंज बाथ देत बसणार.

सीनियर मुलींना गाठून तीन गोष्टी विचारा, नाइट ड्युटी कितव्या वर्षापासून लावतात, ट्यूटर वॉर्डात बरोबर येतात का, आणि फी सोडून वर्षाला वरखर्च किती होतो (युनिफॉर्म, जर्नल, बस, गावात-वस्तीत जाऊन करायचं कम्युनिटी पोस्टिंग). खासगी बीएस्सी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर असते, ती बघून जा म्हणजे काउंटरवर सांगितलेल्या आकड्याशी ताडून बघता येईल. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून पदवीला लागलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत २०२४-२५ पासून आहे, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, विसरायचं नाही.

कागद आत्ताच गोळा करा. डोमिसाइल, जातीचा दाखला, कास्ट व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, शिक्षणात गॅप असेल तर ॲफिडेव्हिट, मेडिकल फिटनेसचं सर्टिफिकेट. व्हॅलिडिटीला वेळ लागतो, निकालानंतर तहसील आणि सेतूत जी गर्दी होते ती बघवत नाही. मूळ मार्कशीट आणि टीसी कुठेही दिलं तर सहीशिक्क्याची पोच घ्या.

पहिलं वर्ष

आता खरा मुद्दा. घरी सगळ्यांना वाटतं पोरगी पहिल्या महिन्यात इंजेक्शन द्यायला शिकेल. तसं नसतं. सुरुवातीला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मानसशास्त्र, समाजशास्त्र, न्यूट्रिशन आणि नर्सिंग फाउंडेशन. आणि फाउंडेशनमध्ये पहिली गोष्ट काय तर हात धुणं आणि दुसरी गोष्ट बेड करणं. मुलं हसतात, चादर घालायला कॉलेज कशाला. थांबा, त्याच्यावर येतेच.

मराठी मीडियमवाल्यांना इंग्रजी पुस्तकं बघून धडकी भरते. घाबरू नका, पहिले दोन महिने जातात कठीण. एक छोटी डायरी युनिफॉर्मच्या खिशात ठेवा आणि केसपेपरवर जे दिसेल ते लिहून घ्या. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तर, स्टॅट म्हणजे आत्ता लगेच, एनबीएम म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. हे एनबीएम विशेष लक्षात ठेवा कारण ऑपरेशनच्या सकाळी पेशंटची आई प्रेमाने चहा-बिस्किट पुढे करते आणि नवीन सिस्टर बघत उभी असते, मग ऑपरेशन पुढे ढकललं जातं. नुसतं "काही खायला देऊ नका" म्हणून भागत नाही, चहा नाही, पाणी नाही, दूध नाही असं एकेक नाव घेऊन सांगायचं, कारण आपल्याकडे चहाला कोणी खाणं धरत नाही.

मग टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास. नाडी तीन बोटांनी बघायची, अंगठ्याने नाही, अंगठ्यात स्वतःचेच ठोके लागतात. श्वास मोजणं सगळ्यात सोपं वाटतं आणि तिथेच सगळे फसवतात. पेशंटला सांगितलं "तुमचा श्वास मोजते हं" की तो लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची, त्याला वाटतं अजून नाडीच बघतेय, आणि नजर छातीवर, पूर्ण एक मिनिट, घड्याळाला सेकंद काटा पाहिजेच. मोठ्या माणसाचा १२ ते २० असतो. कुठल्याही वॉर्डात चार्ट उघडा, ओळीने सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला सापडेल, जणू सगळे एका तालात घेतायत. तुम्ही तसं करू नका. बऱ्याचदा पेशंट बिघडायला लागला की बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो, आणि तो २० वरून २८ झाला हे कोणी खरं मोजलं असेल तरच कळणार ना.

आता चादर. झोपून असलेल्या पेशंटला चादरीची एक सुरकुती, एक बिस्किटाचा कण पुरतो. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याच्या मागची हाडं, डोक्याची मागची बाजू, इथे हाड आणि गादीच्या मध्ये कातडी चेपली जाते, रक्त पोचत नाही आणि जखम होते, ती बेडसोर. म्हणून चादर ताणून, कोपरे दुमडून घालायची, दर २ तासांनी कूस बदलायची, आणि पेशंटला ओढायचं नाही, दोघींनी ड्रॉशीट (पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर) धरून उचलून सरकवायचं. लाल झालेल्या जागी बोट दाबून बघा, दाबल्यावर फिकट पडून परत लाली आली तर ठीक, फिकट पडलीच नाही तर सुरुवात झाली असं समजा. पुस्तकात लाली लिहिलेली असते पण आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती पटकन दिसत नाही, तिथे हाताच्या मागच्या बाजूने बघायचं, जागा गरम लागते का, आजूबाजूपेक्षा कडक लागते का. आणि अशा जागेवर चोळून मालिश करायचं नाही, नातेवाईक तेल घेऊन तयारच असतात.

कोणाला हे काम हलकं वाटत असेल तर मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचं उदाहरण सांगते. अरुणा शानबाग तिथल्याच नर्स, नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि मे २०१५ पर्यंत त्या अंथरुणाला खिळून होत्या. एवढी वर्षं केईएमच्या नर्सच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं, आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर जेव्हा प्रकरण गेलं तेव्हा त्यांना एकही बेडसोर नाही ही गोष्ट निकालात आली. म्हणजे चाळीस वर्षांच्या आसपास रोज कोणीतरी कूस बदलली, अंग पुसलं, चादर ताणली. पहिल्या वर्षात जे शिकवतात तेच.

कचऱ्याच्या बादल्या पहिल्या आठवड्यातच पाठ करा, २०१६ च्या नियमांनी रंग ठरलेत. रक्ताने भरलेला कापूस, ड्रेसिंग पिवळ्यात. सलाईनचे सेट, कॅथेटर, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज लाल. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या-अँप्युल निळ्यात. परीक्षेसाठी नाही सांगत, चुकीच्या पिशवीतली सुई टोचते ती कचरा उचलणाऱ्या मामांना. आणि वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, कितीही घाई असली तरी. स्वतःला टोचलीच तर जखम पिळायची नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि त्याच क्षणी इन्चार्ज सिस्टरना सांगायचं, ओरडतील म्हणून लपवायचं नाही. एचआयव्ही टाळायची औषधं शक्यतो २ तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, त्यानंतर उपयोग नाही. हिपॅटायटिस बी चे तीन डोस (पहिला, मग १ महिन्याने, मग ६ महिन्यांनी) वॉर्डला जायच्या आधीच सुरू करा, कॉलेज देईल म्हणून वाट बघू नका.

बोलण्याचं कोणी शिकवत नाही म्हणून सांगते. पेशंटला "ए सात नंबर" म्हणायचं नाही, आजी, काका, मावशी, दादा जे वयाला शोभेल ते म्हणा, पण गोळी देताना मात्र पूर्ण नाव विचारून केसपेपरशी जुळवा, कारण एका वॉर्डात दोन शांताबाई असतातच. "तुम्ही शांताबाई ना?" असं विचारलं तर ऐकू न येणारी आजी कशालाही हो म्हणते. "आजी तुमचं नाव सांगा" असं विचारायचं. अंगावरचं पांघरूण काढायच्या आधी पडदा ओढायचा आणि काय करतेय ते सांगायचं, पेशंट बेशुद्ध असला तरी. वॉर्डबॉय मामा आणि मावशींशी नीट वागा, स्ट्रेचर कसं वळवायचं, दारू प्यायलेल्या नातेवाइकाला कसं बाहेर काढायचं हे ट्यूटरपेक्षा त्यांनाच जास्त येतं.

फोन लॉकरमध्ये. वॉर्डातला फोटो, बाळाचा फोटो, एक्स-रे, काहीही स्टेटसला टाकायचं नाही, तोंड झाकलं असलं तरी नाही. "फर्स्ट डे इन ओटी" वाल्या सेल्फीत मागे पेशंट दिसतो आणि मग चौकशी लागते.

पहिला मृत्यू बहुतेकांना पहिल्याच वर्षी बघायला मिळतो. त्याची तयारी अशी काही नसते. तिथे तुमचं काम असतं नळ्या काढणं, अंग पुसणं, डोळे-तोंड नीट करणं, हातपाय सरळ करणं, आणि घरच्यांना दोन मिनिटं तिथे एकटं राहू देणं. रडू आलं तर ड्युटी रूममध्ये जाऊन रडा, कोणी हसत नाही. पण रोज घरी गेल्यावर जेवण जात नसेल, झोप लागत नसेल आणि हे काही आठवडे चाललं असेल तर ट्यूटरशी बोला, नर्सिंग सोडून लॅब किंवा एक्स-रेकडे वळलेली मुलं मी बघितलीत आणि चांगली चाललीयत त्यांची. सोडायचं तर पहिल्या वर्षातच सोडा, तिसऱ्या वर्षात नको, तोवर फी गेलेली असते.

हजेरीचं गणित, थिअरीला ८० टक्के आणि प्रॅक्टिकलला १०० टक्के. म्हणजे वॉर्डची बुडालेली प्रत्येक ड्युटी नंतर भरून द्यावी लागते, सुट्टीत, लग्नसराईत, गणपतीत. चुलतबहिणीच्या लग्नाला आठ दिवस आधीपासून जायचा बेत असेल तर आत्ताच घरी समजावून सांगा.

हल्ली जर्मनीचं फार ऐकू येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात नर्सिंगही आहे. पण त्यासाठी भाषा लागते, नर्स म्हणून तिकडे मान्यता घ्यायला साधारण बी२ या पातळीपर्यंत जर्मन, आणि तुमची इथली डिग्री-डिप्लोमा रजिस्टर्ड पाहिजे. आधी इथलं पूर्ण करा, मन लागत असेल तर दुसऱ्या वर्षापासून भाषेचा क्लास लावा. एजंटला पासपोर्ट ठेवायला देऊ नका.

शेवटचं काम कोर्सच्या शेवटच्या निकालानंतरचं. मार्कशीट हातात आली की लगेच कौन्सिलकडे रजिस्ट्रेशनचा अर्ज करा, त्याशिवाय कुठेही स्टाफ नर्स म्हणून रुजू होता येत नाही, आणि ते दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्यासाठी मधल्या काळात ट्रेनिंगचे क्रेडिट जमवावे लागतात, तर कार्यशाळांची सर्टिफिकेटं फेकू नका. दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर आणि कोर्सच्या मार्कशीटवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते पहिल्या वर्षाच्या परीक्षेचा फॉर्म भरतानाच बघा, वडिलांच्या नावात एक अक्षर इकडेतिकडे असलं तरी अर्ज अडकतो. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर आधी जुन्या नावाने रजिस्ट्रेशन करून घ्या, बदल मग गॅझेट काढून करता येतो.